कमी खाणे आणि कमी मिळणे

मिताहाराची महती मराठी माणसाला कोणी नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. ‘अति खाणे मसणात जाणे’ ही म्हण पिढ्यान्‌पिढ्या घरोघर ऐकविली गेली आहे. चातुर्मासातील एकभुक्त, एकादशीचे लंघन, जैन समाजातील ऊनोदरीचे व्रत, या साऱ्यांच्या मुळाशी पोट थोडे रिते ठेवण्यातच देहाचे कल्याण आहे, ही एकच धारणा आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणून त्या धारणेची थट्टाही याच समाजाने केली, ही गोष्ट वेगळी. अलीकडच्या काळात या जुन्या श्रद्धेला विज्ञानाचे पाठबळ मिळू लागले आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी पुरस्कारिलेली आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेली, दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत आज कचेऱ्यांतून आणि शिक्षकांच्या खोल्यांतून आवडीने चर्चिली जाते. कमी खाल्ले तर आयुष्य वाढते काय, हा प्रश्न आता केवळ संतसज्जनांचा राहिलेला नाही. तो चाळिशी उलटलेल्या प्रत्येक नोकरदाराचा झाला आहे.

तथापि ज्या पुणे जिल्ह्यात ही चर्चा इतक्या उत्साहाने चालते, त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागातून आलेली एक माहिती या उत्साहाला विचारात पाडणारी आहे. शिरूरच्या परिसरातील सहा गावांत १९९३ पासून जन्मापूर्वीच ज्यांची नोंद ठेवण्यास आरंभ झाला, अशा ६१९ मुलामुलींची वयाच्या अठराव्या वर्षी रक्ततपासणी करण्यात आली. त्यांपैकी ४८ टक्के उंचीच्या मानाने कमी वजनाचे, म्हणजे सरळसरळ कृश होते. असे असूनही मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के यांच्या शरीराला साखर नीट हाताळता येत नव्हती. एकाचा अपवाद वगळता ही सारी मंडळी मधुमेहाच्या अलीकडच्या पायरीवर होती. प्रश्न इतकाच की, ती पायरी साधारणपणे पन्नाशीच्या सुखवस्तू गृहस्थाची समजली जाते. या मुलांच्या मातांनी अन्न कमीच खाल्ले होते आणि मुले स्वतः लठ्ठपणापासून दूर होती. कमी खाण्याने वार्धक्य लांबत असेल, तर या गावांत ते अठराव्या वर्षीच दाराशी येऊन उभे का राहावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना कमी खाणे आणि कमी मिळणे या दोन गोष्टी एकमेकींपासून अलग कराव्या लागतात. भाषेत त्या शेजारी बसतात. शरीरात त्या परस्परविरुद्ध दिशांनी चालतात.

प्रयोगशाळेतील लंघन

कमी उष्मांकांनी आयुष्य वाढते, हे प्रथम शास्त्रीय रीतीने दाखविले ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या क्लाइव्ह मॅके यांनी. १९३५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जीवनसत्त्वे व क्षार यांची उणीव न ठेवता केवळ उष्मांक कमी केलेले उंदीर भरपूर खाणाऱ्या उंदरांपेक्षा अधिक जगले. त्यानंतर यीस्टपासून माशीपर्यंत अनेक जीवांवर असेच निष्कर्ष आले. माणसाला जवळच्या अशा ऱ्हीसस माकडांवरील दोन दीर्घ प्रयोग १९८७ आणि १९८९ मध्ये अमेरिकेतच सुरू झाले. त्यांपैकी विस्कॉन्सिन येथील प्रयोगात कमी खाणारी माकडे अधिक निरोगी राहिली व अधिक जगली. राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या प्रयोगात मात्र आयुर्मर्यादेत फरक आढळला नाही. पुढे २०१७ मध्ये दोन्ही गटांनी आपली माहिती एकत्र पडताळली, तेव्हा कारणाचा उलगडा झाला. विस्कॉन्सिनमधील तुलनेची माकडे साखरयुक्त अन्न मनसोक्त खात होती; दुसऱ्या ठिकाणची माकडे मुळातच मोजके व अधिक नैसर्गिक अन्न खात होती. जो अतिरेक करतो त्याच्या ताटातून काही काढले तर त्याचा लाभ होतो; जो मोजकेच खातो त्याच्या ताटातून काढून फारसे काही साधत नाही, असा हा साधा हिशेब होता.

माणसांवरील सर्वांत काटेकोर प्रयोग ‘कॅलरी’ याच नावाने ओळखला जातो. त्यात लठ्ठ नसलेल्या २१८ निरोगी अमेरिकन स्त्रीपुरुषांनी भाग घेतला आणि त्यांपैकी एका गटाने दोन वर्षे आहार कमी केला. उद्दिष्ट २५ टक्के कपातीचे होते. प्रत्यक्षात सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच ती साधली. एवढ्यानेही वजन सुमारे दहा टक्क्यांनी उतरले, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारले, इन्सुलिनचे कार्य अधिक चांगले चालू लागले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, रक्तातील जनुकीय खुणांवरून वार्धक्याची गती मोजणाऱ्या एका पद्धतीनुसार ती गती दोन ते तीन टक्क्यांनी मंदावल्याचे दिसले. अन्य पद्धतींनी मोजता फरक आढळला नाही, आणि हाडांची घनताही किंचित घटली. लाभ आहे, पण तो माफक आहे, असाच याचा अर्थ. त्यातही एक अट कधीच सुटत नाही. या मंडळींना आहारतज्ज्ञ सल्ला देत होते, जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळत होत्या, आणि मनात आले असते तर त्या दिवशीच त्यांना पोटभर जेवता आले असते.

या लाभामागील शरीरव्यापारही आता बराच उलगडला आहे. अन्नाची आवक घटली की पेशी आपला खर्च वाढीकडून डागडुजीकडे वळवते. नवे घटक बांधण्याचे काम मंदावते आणि जुने, झिजलेले घटक मोडून त्यांतून उपयुक्त द्रव्ये परत मिळविण्याचे काम वेग घेते. या स्वच्छताकार्याचा उलगडा उपाशी ठेवलेल्या यीस्टच्या पेशींत करणाऱ्या जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पन्नाशीच्या देहाला नवी बांधणी नको असते, डागडुजी हवी असते. म्हणून हा पालट त्याच्या हिताचा ठरतो. परंतु ज्या देहाचे सारे कार्यच वाढण्याचे आहे, त्या गर्भातल्या, पाळण्यातल्या आणि शाळेतल्या देहावर हाच पालट लादला गेला तर काय होईल? बांधकाम थांबवून डागडुजी करावी, तर डागडुजी करण्याजोगे घर अजून उभेच राहिलेले नसते.

एक पौंड धान्याचा हिशेब

स्वेच्छेने कमी खाणाऱ्यांचे प्रयोग अलीकडचे. सक्तीने कमी खाणाऱ्यांवरचा प्रयोग त्याच्या कितीतरी आधी दख्खनच्या याच पठारावर झाला होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून आलेले सर रिचर्ड टेंपल यांनी जानेवारी १८७७ मध्ये मद्रास व मुंबई इलाख्यांतील दुष्काळी कामांवरची मजुरी घटविली. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि एक आणा, स्त्रियांना व मुलांना त्याहून कमी, असे ते प्रमाण ‘टेंपल वेतन’ म्हणून इतिहासात कुप्रसिद्ध झाले. एक पौंड ज्वारी म्हणजे सुमारे साडेपंधराशे उष्मांक. तेवढ्यावर मजूर जगू शकेल की नाही, हे पाहणे हाच या उपक्रमाचा हेतू होता. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी त्याला निक्षून विरोध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामेच सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पिढीने, सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. अखेरीस मद्रास सरकारला शिधा वाढवावा लागला. दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग याच काळातला. दुष्काळी काम म्हणून तो हाती घेतला गेला आणि १८७८ मध्ये खुला झाला. आज त्या मार्गावरून गाडीने जाणाऱ्या प्रवाशाला त्याखालच्या भरावात किती पौंड धान्याचे श्रम मिसळले आहेत, याची कल्पनाही नसते.

या साडेपंधराशेच्या आकड्याचा अर्थ नेमका काय, ते पुढे १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात कळून आले. ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने दिवसाला सुमारे १५७० उष्मांकांवर ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, नाडी मंदावली, थंडी सोसेना, चित्त अन्नावाचून दुसऱ्या कशावर स्थिर होईना. शरीराने स्वतःला जुळवून घेतले खरे. पण ते जुळवून घेणे म्हणजे कमी हालणे, कमी इच्छिणे आणि आपलेच मांस जाळणे होते. हे स्वयंसेवक उंच, धडधाकट आणि सहा महिन्यांनी मुक्त होणारे होते. खडी फोडणाऱ्या मजुराला अशी मुदत नव्हती.

पुण्यातील एक वाद

शरीर अल्प अन्नाशी कितपत जुळवून घेते, हा प्रश्न स्वातंत्र्योत्तर काळात पुन्हा उपस्थित झाला तो पुण्यातच, आणि तोही अर्थशास्त्राच्या अंगणात. १९७१ मध्ये गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांनी दारिद्र्यावरचे आपले प्रसिद्ध विवेचन मांडले. माणशी दररोज २२५० उष्मांक पुरविणारा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर मिळतो, ती दारिद्र्याची रेषा मानून त्यांनी १९६०-६१ सालासाठी ग्रामीण भागातील ४० टक्के व शहरांतील ५० टक्के लोक तिच्याखाली असल्याचा निष्कर्ष काढला. भुकेला प्रथमच असा स्पष्ट आकडा मिळाला आणि देशाच्या नियोजनाला त्याची दखल घ्यावी लागली.

या मोजमापाला आव्हान दिले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले सुखात्मे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक म्हणून काम करून ते पुण्यास परतले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: एकाच निरोगी माणसाचा आहार आठवड्या-आठवड्याला बदलतो, तरी त्याचे वजन व काम तेच राहते; अन्न कमी आले की शरीर ते अधिक काटकसरीने वापरते. तेव्हा सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित समजणे चूक आहे; मर्यादा सरासरीच्या बरीच खाली घेतली पाहिजे. दांडेकरांनी आर्थिक नियतकालिकांतून याचा कडाडून प्रतिवाद केला. गरिबाचे ताट आठवड्या-आठवड्याने रिते आणि भरलेले होत नसते. मिळकतच अपुरी असल्यामुळे ते रोजच अपुरे असते, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. त्याच सुमारास अमेरिकी अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांनी ‘लहान पण निरोगी’ अशी कल्पना पुढे आणली आणि भारतातील खुजी मुले ही परिस्थितीशी निमूटपणे जुळवून घेतलेली, पण निरोगी मुले आहेत, असे सुचविले. आहारशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी ती कल्पना ठामपणे नाकारली.

या वादात सुखात्म्यांची बाजू सरसकट चुकीची होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दूषित पाणी आणि पोटातील जंतुसंसर्ग यांमुळे खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही, म्हणून धान्याइतकेच स्वच्छ पाणी आवश्यक आहे, हा त्यांचा आग्रह पुढील अनुभवाने खरा ठरविला. शरीर जुळवून घेते, हेही खरेच. वादाला उणीव होती ती वेगळ्याच पुराव्याची. जुळवून घेण्याची किंमत किती, ती कोण देतो आणि केव्हा देतो, हे सांगणारा पुरावा त्या वेळी कोणाच्याच हाती नव्हता. तो मिळण्यासाठी एका पिढीला गर्भापासून तारुण्यापर्यंत मोजत राहणे आवश्यक होते.

शिरूरने दिलेले उत्तर

हे मोजमाप झाले ते शिरूर तालुक्याच्या आसमंतात. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांना परिचित असलेल्या वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले होते, लोकसेवेबद्दल डॉ. कोयाजींना १९९३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामाने निर्माण केलेल्या विश्वासावरच त्याच वर्षी के. ई. एम. मधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील डॉ. कॅरोलाइन फॉल यांनी मातापोषणाचा अभ्यास आरंभिला. साउदॅम्प्टनच्याच डेव्हिड बार्कर यांनी, जन्मतः वजनाने कमी असणाऱ्या बालकांना पुढे हृदयविकार आणि मधुमेह अधिक प्रमाणात जडतात, असे दाखविले होते. त्या विचाराची परीक्षा घेण्यास दुष्काळप्रवण पूर्व पुण्याहून अधिक योग्य भूमी सापडणे कठीण होते.

या अभ्यासातील मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोग्रॅमच्या आसपास होते. गर्भारपणातही त्यांचा आहार दिवसाला १८०० उष्मांकांहून थोडा कमीच, आणि प्रथिने सुमारे ४५ ग्रॅम. शेतातील कामे व पाणी वाहणे चालूच होते. ज्यांचे श्रम अधिक, त्यांची बाळे अधिक लहान, असेही आढळून आले. साउदॅम्प्टनमधील बालकांचे जन्मवजन सरासरी साडेतीन किलो असताना या गावांतील बालकांचे २.७ किलोच होते. इथपर्यंतची कथा अपेक्षित अशीच आहे. अनपेक्षित बाब त्यापुढील होती. बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव यांची वाढ फार खुंटलेली होती. पाठीवरच्या त्वचेखालील चरबी मात्र जवळजवळ इंग्लंडच्या बाळांइतकीच टिकून होती. गर्भाने मिळालेल्या अल्प भांडवलातून हातपाय आणि पोटातील अवयव यांवरचा खर्च कापला आणि चरबीची शिल्लक सांभाळली. हीच ती ‘कृश तरी मेदयुक्त’ बालके.

हा वारसा मोठेपणीही कसा टिकतो, याचे एक मनोरंजक उदाहरण २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनकाटा ज्याला सडपातळ म्हणतो, तो आतून सडपातळ असतोच असे नाही.

शिरूरच्या अभ्यासाने अर्थशास्त्रज्ञांच्या उष्मांकगणितालाही एक धक्का दिला. बाळाचे आकारमान मातेने किती उष्मांक वा किती प्रथिने घेतली यांवर अवलंबून असल्याचे दिसले नाही. ते हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध तिच्या वाट्याला किती वेळा आले, याच्याशी निगडित होते. सुमारे दोनतृतीयांश मातांत ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव आढळला. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण ब-१२ अपुरे होते, त्यांची मुले सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट प्रतिसाद देईनाशी झाली होती. अठराव्या वर्षी साखर हाताळू न शकणाऱ्या तरुणांची वाढ गर्भातच खुंटलेली होती आणि उपाशीपोटीची साखर लहानपणापासूनच इतरांपेक्षा अधिक होती. दांडेकर आणि सुखात्मे यांच्या वादाचा निवाडा या आकड्यांत आहे. शरीर जुळवून घेते, हे सुखात्म्यांचे विधान खरे. पण ते फुकट जुळवून घेत नाही.

उधारीचा देह

सावकारीचा इतिहास शिरूर आणि दौंडला नवा नाही. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांपूर्वी सावकारांवरील बहिष्काराची पहिली हाक डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी दिली गेली. पुढे मे महिन्यात सुपे येथे उद्रेक झाला, ते सुपे त्या वेळी आजच्या दौंडचा बराच भाग सामावणाऱ्या भीमथडी तालुक्यात होते. कुणबी ज्या कर्जाने गांजला होता ते बहुधा बापाने घेतलेले आणि मुलाच्या नावावर चढलेले असे. अल्पपोषणाच्या उधारीची रीत नेमकी हीच आहे. दुष्काळात, किंवा रोजच्या ओढगस्तीत, शरीर तात्पुरती निभावणी करते. मुद्दल मातेने उचललेले असते, व्याज मुलाच्या स्वादुपिंडाने आणि मूत्रपिंडाने भरायचे असते.

ही वसुली अधिक कठोर होण्याचे कारण असे की, व्याज भरण्याची वेळ येते तेव्हा भोवतालचे जग पालटलेले असते. १९७२ च्या दुष्काळात या भागातील माणसे सुकडी आणि लाल मिलो खाऊन खडी फोडत होती. त्यानंतर धरणे व कालवे यांनी काही पट्ट्यांत ऊस आणला. कुरकुंभ, रांजणगाव, सणसवाडी येथे कारखाने उभे राहिले. पायी जाणारा तरुण मोटारसायकलवर बसला. टंचाईच्या हिशेबाने घडलेल्या देहापुढे वडापाव, बिस्किटे आणि दिवसातून पाच वेळा गोड चहा आला. कमी अन्नासाठी बांधलेले लहान स्वादुपिंड हा भार किती वर्षे पेलणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९-२१ या काळात महाराष्ट्रातील दर पाच स्त्रियांमागे एक कृश आणि एकीहून काहीशा अधिक स्थूल असल्याचे दाखविले. हे दोन वेगळे महाराष्ट्र आहेत, असे वरवर वाटते. वस्तुतः अनेकदा हे एकाच घराण्याचे, कधी तर एकाच देहाचे, दोन टप्पे असतात.

अल्पपोषण वार्धक्य लांबवते काय, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे वयावर आणि ताटावर अवलंबून आहे. वाढ पूर्ण झालेल्या, पुरेसे पोषण मिळालेल्या माणसाने उष्मांकांत माफक काटछाट केली तर त्याची गात्रे काही काळ अधिक टिकतील. वाढत्या देहाची काटछाट झाली तर गात्रेच उणी घडतात, आणि उणी गात्रे लवकर झिजतात. अकाली वार्धक्याचे हेच दुसरे नाव आहे.

कोणाच्या ताटातून काय काढावे?

यातून निघणारा पहिला निष्कर्ष मध्यमवर्गाला उद्देशून आहे. बैठे काम करणारा शिक्षक किंवा कारकून, ज्याच्या कमरेचा घेर दर निवडणुकीगणिक वाढतो आहे, त्याने दोन घास कमी खावेत. साखर, तेल आणि मैदा यांपासून आरंभ करावा. वजनकाट्यावर विसंबण्याऐवजी त्याने कंबर मोजावी आणि रक्त तपासावे, कारण मराठी देह बारीक दिसूनही आतून जाड असू शकतो. परंतु हा उपदेश त्याने आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला, ऊसतोडीच्या टोळीतील गर्भार स्त्रीला किंवा वयात येणाऱ्या मुलीला करू नये. नवरात्राचे नऊ दिवस उपवास करणाऱ्या गर्भवतीचे कौतुक होते, ते थांबले पाहिजे. बारीक राहण्यासाठी रात्रीचे जेवण सोडणारी महाविद्यालयीन मुलगीही उद्याची माता असते. तिच्या लंघनाचा हिशेब तिच्यापुरता संपत नाही.

दुसरा निष्कर्ष शासनासाठी आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला, आणि २०२३ पासून ते मोफत मिळू लागले. भुकेविरुद्धचा हा मोठाच आधार आहे. पण त्याचा दररोजचा हिशेब सुमारे १६७ ग्रॅमचा, म्हणजे टेंपल साहेबांच्या पौंडाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक होतो, आणि त्यात मुख्यतः गहू व तांदूळच असतात. शिरूरच्या मातांना ज्याची उणीव होती ते दूध, पालेभाजी, फळ आणि ब-१२ जीवनसत्त्व या पिशवीत नाही. शालेय पोषण आहारात अंडे असावे की नसावे, यावर महाराष्ट्रात वाद झडले. ब-१२ चा विचार त्या वादात क्वचितच कोणी केला. अंडे नको असेल त्याला दूध द्यावे, पण दोन्हीही न देणे हे धोरण असू शकत नाही.

तिसरी बाब वेळेची. अंगणवाडीत गर्भवतीची नोंद होईपर्यंत अनेकदा गर्भाचे अवयव घडून गेलेले असतात. याज्ञिकांच्या गटाने हे ओळखले आणि २०१२ मध्ये त्याच पिढीच्या वयात आलेल्या मुलामुलींना, लग्नापूर्वी व गर्भधारणेपूर्वी, ब-१२ देण्याचा नवा अभ्यास सुरू केला. मातेच्या पोषणाचा आरंभ तिच्या किशोरवयात, किंबहुना तिच्या स्वतःच्या जन्मापूर्वीच होतो, हे सूत्र आरोग्याच्या अंदाजपत्रकात उतरायला हवे. तसेच गर्भवतीच्या श्रमाचा प्रश्न केवळ आहाराने सुटणारा नाही. घराजवळ नळ आला, शेवटच्या महिन्यांत शेतातील कामाच्या मजुरीची भरपाई मिळाली, तर तेही अन्न दिल्यासारखेच आहे. १९७९ मध्ये अमलात आलेल्या रोजगार हमी कायद्याने महाराष्ट्राने काम मागण्याचा हक्क देशाला दाखवून दिला. गर्भवतीला काम न करता मजुरी मिळण्याचा हक्क त्याच विचाराची पुढची पायरी ठरेल.

आणि अखेरची बाब घराच्या उंबऱ्याच्या आतली. या भागात दूध पिकते, भाजी पिकते. दूध संकलन केंद्रात जाते, भाजी पुण्याच्या गुलटेकडीला जाते आणि अनेक घरांत चहापुरते दूध मागे राहते. जे राहते त्यातले पहिले पुरुषांना, मग मुलांना आणि सर्वांत शेवटी सुनेला. घरातल्या बाईने सर्वांच्या मागून, उरलेले खावे, याला मिताहार म्हणण्याचा दंभ तरी निदान सोडून द्यावा. ज्या घरात सुनेचे ताट आधी वाढले जाईल, त्या घरातील नातवाच्या अठराव्या वर्षीच्या रक्ततपासणीत त्याची नोंद सापडेल. कमी खाण्याचे पुण्य ज्याच्या ताटात भरपूर आहे त्यालाच लाभते. ज्याचे ताटच अपुरे आहे, त्याच्या संयमाची स्तुती करणे म्हणजे त्याच्या मुलांच्या आयुष्यावर चढणाऱ्या व्याजाकडे डोळेझाक करणे होय.